गेम चांगला आहे, पण कशाच्या तुलनेत?

मागच्या मे महिन्यात एका लग्नात पंगतीला बसलो होतो. शेजारी चुलतआत्याचे यजमान. मी कॉलेजात संगणकशास्त्र शिकवतो हे त्यांना माहीत होतं. "सध्या संशोधन कशावर?" त्यांनी विचारलं. म्हटलं, शिकवणारे गेम आणि मोबाइलवरची आरोग्याची अ‍ॅप. काकांनी जिलबीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "म्हणजे आमचा नातू जे फुकटात करतो, त्याचा तुम्हाला पगार मिळतो." पंगत हसली, मीही हसलो. तेवढ्यात मठ्ठा आला आणि उत्तर राहून गेलं. ते इथे देतो.

गेम किंवा अ‍ॅप बनवणं हा या कामातला सोपा भाग. तिसऱ्या वर्षाची पोरं दोन महिन्यांत दिसायला बरं अ‍ॅप उभं करतात. खरी कसोटी त्यानंतर लागते. याने काही फरक पडतो का? आणि पडला, तर तो याच्यामुळेच पडला हे कशावरून? दरवर्षी प्रोजेक्टच्या मोसमात तीन-चार गट माझ्याकडे 'हेल्थ अ‍ॅप' घेऊन येतात. पाणी प्यायची आठवण करून देणारं एक तरी असतंच. हे चालतं कशावरून, असं व्हायवात विचारलं की उत्तर ठरलेलं: गूगल फॉर्म, तीस मित्र, रंगीत पाय चार्ट, बहुतेकांना 'आवडलं'. मित्राच्या अ‍ॅपला नावं कोण ठेवणार? आणि वडापावही सगळ्यांना आवडतो, म्हणून तो औषधाच्या दुकानात मिळत नाही.

मग फरक पडला हे दाखवायचं कसं? याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण अमेरिकेतलं आहे. कॅलिफोर्नियातल्या होपलॅब या संस्थेने कॅन्सर झालेल्या किशोरवयीन आणि तरुण रुग्णांसाठी 'री-मिशन' नावाचा गेम बनवला. रॉक्सी नावाची एक इवलीशी यंत्रमानव पोरगी रुग्णाच्या शरीरात शिरते, कॅन्सरच्या पेशींवर गोळ्या झाडते, संसर्ग करणाऱ्या जंतूंशी लढते, मळमळ आणि बद्धकोष्ठतेचाही बंदोबस्त करते. यामागे एक ठोस अडचण होती. हॉस्पिटलमधून घरी आल्यावरही या मुलांना बरेच महिने गोळ्या घ्याव्या लागतात, आणि पंधरा-सोळा वर्षांचं पोर त्या चुकवतं. आई विचारते, "घेतलीस का?" पोर म्हणतं, "हो." गोळी असते बाटलीतच.

गेम खेळून मुलं गोळ्या नियमित घेतील का, हे पाहायचं होतं. सरळ मार्ग असा, की गेम द्यायचा आणि तीन महिन्यांनी बघायचं. पण समजा नियमितपणा वाढला. तो गेममुळे, की संशोधकांनी घरी नवा कोरा कॉम्प्युटर दिला आणि अधूनमधून चौकशी केली म्हणून? नवी वस्तू घरात आली की चार दिवस सगळेच शहाण्यासारखे वागतात. म्हणून त्यांनी अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्या ३४ वैद्यकीय केंद्रांमधले १३ ते २९ वयाचे ३७५ रुग्ण घेतले आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले. कॉम्प्युटर दोन्ही गटांना दिला. इंडियाना जोन्सच्या साहसांवरचा, बाजारात मिळणारा एक गेमही दोन्ही गटांना दिला. एका गटाला त्याच्या जोडीला री-मिशन दिला. दोन गटांमध्ये फरक राहिला तो एवढाच.

गोळ्यांची मोजणी त्याहून हुशारीने केली. बाटलीला असं झाकण लावलं, की ते कधी उघडलं याची नोंद त्यातल्या चिपमध्ये व्हावी. काही रुग्णांच्या रक्तातलं औषधाचं प्रमाणही तपासलं. २००८ मध्ये निकाल छापून आला. झाकणाच्या नोंदीनुसार, जंतुसंसर्ग टाळण्यासाठीची अँटिबायोटिक गोळी री-मिशनवाल्यांनी ६२.३ टक्के वेळा घेतली होती, दुसऱ्या गटाने ५२.५ टक्के. रक्तातल्या तपासणीचा कौलही त्याच बाजूचा.

पण मी वर्गात मुद्दाम थांबतो ते पुढच्या ओळीवर. 'तुम्ही गोळ्या किती नियमित घेता?' असं रुग्णांनाच विचारलं, तेव्हा दोन गटांच्या उत्तरांत फरक दिसला नाही. म्हणजे झाकणाऐवजी गूगल फॉर्म वापरला असता, तर चांगला चालणारा गेम 'निरुपयोगी' म्हणून बाजूला पडला असता. माणसं खोटंच बोलतात असं नाही. मागच्या आठवड्यात किती वेळा चाललो, किती पाणी प्यायलो, याची आठवण कोणाचीच धड नसते. शिवाय विचारणाऱ्याला बरं वाटेल असं उत्तर देण्याची आपल्याला सवय आहे. पाहुण्यांना आपण 'पोट भरलं' म्हणतो ना, तसंच.

हाच 'कशाच्या तुलनेत' उलट बाजूनेही चावतो. जून २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, 'एंडेव्हरआरएक्स' या व्हिडिओ गेमला मान्यता दिली. ८ ते १२ वर्षांच्या, एडीएचडी म्हणजे अवधान टिकत नसलेल्या मुलांना डॉक्टरने चिठ्ठीवर लिहून द्यायचा गेम! जगभर बातम्या झळकल्या. त्यामागच्या मुख्य चाचणीत ३४८ मुलं होती. तुलनेच्या गटाला त्यांनी शब्द जुळवायचा साधा डिजिटल खेळ दिला होता. कॉम्प्युटरवर मोजलेल्या अवधानाच्या परीक्षेत गेमवाला गट पुढे गेला. पण पालकांना मुलाच्या घरच्या वागण्यात किती फरक वाटतो हे विचारलं, तेव्हा सुधारणा दोन्ही गटांत सारखीच निघाली. तुलनेचा गट नसता, तर 'पालकही म्हणतात फरक पडला' अशी जाहिरात करता आली असती, आणि त्यातलं एकही वाक्य खोटं नसतं. मूल औषधाच्या चाचणीत आहे, रोज ठरलेल्या वेळी बसतं, घरचे लक्ष ठेवून आहेत, एवढ्यानेही सुधारणा दिसते.

इतकी काळजी न घेता दावे केले तर काय होतं, हे 'लुमॉसिटी'ला विचारा. मेंदूला व्यायाम देणारे खेळ म्हणून ते खपत होते. शाळेत प्रगती होईल, म्हातारपणीचं विसरणं लांबेल, असा जाहिरातींचा सूर होता. दाव्यांना पुरेसा आधार नाही म्हणून अमेरिकेच्या व्यापार आयोगाने हात घातला आणि जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने २० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. आपल्याकडे पालक सभेच्या दारात 'ब्रेन डेव्हलपमेंट'ची पत्रकं वाटणाऱ्यांना हा प्रश्न कोणी विचारताना मला अजून दिसलेलं नाही.

आता शिकवणाऱ्या खेळांकडे. यातला सगळ्यात प्रामाणिक प्रयोग मला दिल्लीतला वाटतो, आणि त्यात मोबाइल नव्हताच. एमआयटी, हार्वर्डच्या संशोधकांनी 'प्रथम' या संस्थेच्या २१४ बालवाड्यांमध्ये, सरासरी पावणेपाच-पाच वर्षांच्या १५४० मुलांबरोबर चार महिने खेळ खेळले. प्रथम मूळची आपल्या मुंबईची. इथे गट तीन होते. एकाला गणिताचे खेळ: कोणत्या पत्त्यावर ठिपके जास्त, कोणता आकार वेगळा. दुसऱ्याला तितक्याच मजेचे, पण चेहऱ्यावरचे भाव ओळखण्यासारखे खेळ. तिसऱ्याची बालवाडी नेहमीसारखी. दुसरा गट कशाला, हे री-मिशन वाचल्यावर सांगायला नको.

गणिताचे खेळ खेळलेल्या मुलांची अंदाजाची, आकारांची समज इतरांपेक्षा सुधारली आणि ती बराच काळ टिकली. खेळ संपल्यावर लगेच अंक आणि चिन्हांमध्येही थोडा फायदा दिसला. पण पुढे शाळेत गेल्यावर शाळेचं गणित शिकण्यात ही मुलं इतरांच्या पुढे नव्हती. खेळ जे शिकवत होता ते मुलं शिकली. ते शाळेच्या पाटीपर्यंत आपोआप पोहोचलं नाही. २०१७ मध्ये हा निकाल त्यांनी आडपडदा न ठेवता छापला. 'खेळता खेळता शिका' असं पॅकेटवर लिहिलेलं दिसलं की मला ही मुलं आठवतात. काय शिका, आणि ते कुठे वापरता येईल, हे पॅकेटवर नसतं.

गेमची रचना हाही स्वतंत्र विषय आहे, पण त्यातली एकच गोष्ट सांगतो. मॅथ्यू काम या संगणकशास्त्रज्ञाने उत्तर भारतातल्या खेड्यांतल्या मुलांसाठी मोबाइलवर इंग्रजी शिकवणारे गेम बनवले. सुरुवातीचे गेम पाश्चात्त्य व्हिडिओ गेमच्या धर्तीवर होते, आणि मुलांना ते उमगेनात. कुठे जायचं, काय गोळा करायचं, कशासाठी? मग या मंडळींनी गावातल्या २८ पारंपरिक खेळांचा बारकाईने अभ्यास केला आणि त्यातल्या घडणीवर नवे गेम रचले. ते मुलांना लगेच जमले. खो-खोमध्ये पाठीमागून 'खो' मिळाला की उठायचं, हे आपल्याला कोणी ट्युटोरियलमध्ये शिकवलेलं नसतं. पण जे पोर खो-खो खेळलेलंच नाही, त्याच्या दृष्टीने आठ माणसं एका रेषेत कशाला बसलीत?

आरोग्याच्या अ‍ॅपकडे वळलं की दुखणं बदलतं. वापरायला सोपं आहे का, हे मोजायला जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये दहा विधानांची एक प्रश्नावली बनवली होती. ती आजही सगळे वापरतात, पाच मिनिटांत भरून होते. तो भाग सुटलेला आहे. न सुटलेला भाग असा, की लोक अ‍ॅप सोडून देतात. २००५ मध्ये गुंथर आयसेनबाख यांनी याला 'गळतीचा नियम' असं नावच दिलं. इंटरनेटवरच्या आरोग्य उपक्रमांत लोक गळणार, हे आधीच धरून चाला, म्हणाले.

पोकेमॉन गो आठवतो? २०१६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत माणसं फोन हातात धरून बागांतून भटकत होती. व्यायामाची क्रांती झाली, अशी भाषा सुरू झाली. हार्वर्डच्या संशोधकांनी लोकांच्या आयफोनने आपसूक मोजलेली पावलं तपासली. पहिल्या आठवड्यात खेळणारे रोज सरासरी ९५५ पावलं जास्त चालत होते. सहाव्या आठवड्यापर्यंत ती वाढ पूर्ण विरली. आमच्या जिमच्या जानेवारीच्या गर्दीलाही एवढाच वेळ लागतो. अभ्यास पहिल्याच आठवड्यात थांबवला असता, तर आज पाठ्यपुस्तकांत वेगळं वाक्य असतं.

गळतीवर उपाय शोधण्याची दोन कामं आपल्या मातीतली आहेत, आणि दोन्ही संगणकशास्त्राच्या माणसांनी डॉक्टरांच्या खांद्याला खांदा लावून केली.

पहिलं टीबीचं. साध्या टीबीचं औषधही सहा महिने घ्यावं लागतं. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगात ताकद येते आणि माणूस गोळ्या सोडतो. जुना उपाय असा, की रुग्णाने केंद्रावर येऊन कोणाच्या तरी समोर गोळी गिळायची. रोजंदारीवाल्याचा त्यात दिवस बुडतो. बिल थीस हे कंपायलरमध्ये, म्हणजे प्रोग्रामचं यंत्राच्या भाषेत भाषांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, एमआयटीची डॉक्टरेट केलेले गृहस्थ. बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये असताना त्यांनी आणि सहकाऱ्यांनी '९९डॉट्स' काढलं. गोळ्यांच्या स्ट्रिपला एक जाड कागदी पाकीट लावायचं. गोळी दाबून बाहेर काढली की तिच्यामागे दडलेला टोल-फ्री नंबर दिसतो. कोणत्या गोळीमागे कोणता नंबर, हे आधी कळत नाही. त्या नंबरवर मिस्ड कॉल दिला की आजची गोळी घेतल्याची नोंद होते. अ‍ॅप नाही, स्मार्टफोन नाही, एक पैसाही खर्च नाही. मिस्ड कॉलची भाषा भारतात आधीपासूनच सगळ्यांना येते. 'पोहोचलो', 'खाली ये', 'परत फोन कर', हे सगळं आपण मिस्ड कॉलवर बोलतो. तिथे फक्त 'गोळी घेतली' एवढा एक शब्द वाढला. इतकी देखणी कल्पना मी क्वचित पाहिली आहे.

आणि तरी. मुंबई, चेन्नई आणि वेल्लोरमध्ये संशोधकांनी न सांगता रुग्णांच्या घरी जाऊन लघवीत औषधाचा अंश आहे का ते तपासलं आणि मिस्ड कॉलच्या नोंदींशी ताडून पाहिलं. मेळ अपेक्षेएवढा बसला नाही. काहींनी गोळी घेतली होती, पण कॉल दिला नव्हता. काहींनी कॉल दिला होता, पण गोळी घेतली नव्हती. नंबर दिसायला गोळी पाकिटातून बाहेर यावी लागते, तोंडात जावी लागत नाही. री-मिशनच्या झाकणाचंही तेच आहे म्हणा, उघडणं म्हणजे गिळणं नव्हे. म्हणून तर तिथे रक्त तपासलं. यंत्र जे मोजतं आणि आपल्याला जे हवं असतं, यांच्यात नेहमी एक फट असते. ती किती रुंद आहे हे शोधून काढणं हे कामाचं निम्मं अंग.

दुसरं काम मुंबईत सुरू झालं. डॉ. अपर्णा हेगडे यांनी स्थापन केलेली 'आरमन' ही संस्था 'एममित्र' ही सेवा चालवते. गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांना आठवड्यातून ठरावीक वेळा, त्यांच्या भाषेत, त्यांनी निवडलेल्या वेळी, दोनेक मिनिटांचा फुकट फोन येतो. या महिन्यात काय खायचं, कोणती लस, कोणत्या लक्षणाला तडक दवाखाना गाठायचा, हे त्यात सांगितलेलं असतं. इथेही गळती आहेच. हळूहळू बायका फोन उचलेनाशा होतात. संस्थेची कार्यकर्ती स्वतः फोन करून बोलली, तर काहीजणी परत ऐकू लागतात. पण बायका हजारो, फोन करणाऱ्या मोजक्या. या आठवड्यात कोणाला फोन करायचा?

मिलिंद तांबे हे हार्वर्डमधले संगणकशास्त्राचे प्राध्यापक. एकेकाळी लॉस एंजेलिसच्या विमानतळावर पोलिसांनी गस्त कधी कुठे घालायची, हे ते गेम थिअरीने, म्हणजे डावपेचांच्या गणिताने, ठरवत होते. त्यांच्या आणि गूगल रिसर्चच्या गटाने या प्रश्नात जुनंच एक गणित ओळखलं. त्याचं नाव ऐकून हसू येतं: 'अस्वस्थ दरोडेखोर'. कॅसिनोतल्या पैसे गिळणाऱ्या यंत्राला इंग्रजीत एकहाती दरोडेखोर म्हणतात. समोर अशी पुष्कळ यंत्रं आहेत, खिशात नाणी थोडी, तर कोणतं ओढायचं, हा मूळ प्रश्न.

'अस्वस्थ' कशाला, ते स्वयंपाकघरात समजतं. फडताळातल्या बरण्यांकडे तुम्ही दोन दिवस बघितलं नाही, तरी त्या आहेत तशाच राहतात. साधे दरोडेखोर असे. पण चार बर्नरच्या शेगडीचं तसं नाही. एकीवर दूध, दुसरीवर वरण, तिसरीवर पोहे, चौथीवर चहा, आणि तुम्ही एकटे. तुम्ही पोह्यांत ढवळत असताना दूध वर येतंच. लक्ष द्या न द्या, प्रत्येकाची अवस्था बदलत असते. मग हात कुठे घालायचा? सर्वांत वाईट दिसतंय तिथे? नाही. वरण मंद आचेवर आहे, त्याला तुमची गरज नाही. चहा उतू जाऊन गेला, आता ढवळून उपयोग नाही. दूध मात्र वर येतंय, आत्ता आच कमी केली तर वाचेल. 'मी हात लावला तर किती फरक पडेल आणि नाही लावला तर किती', यांतलं अंतर जिथे मोठं, तिथे जायचं. पीटर व्हिटल या गणितज्ञाने १९८८ मध्ये या अंतराला एका आकड्यात बसवण्याची युक्ती दिली. तांबेंच्या गटाने तोच आकडा प्रत्येक बाईसाठी काढला. नव्याने नोंदलेल्या बाईचा पूर्वीचा हिशोब नसतो, तेव्हा तिच्यासारख्याच वयाच्या, शिक्षणाच्या, भाषेच्या इतर बायकांचा इतिहास उसना घेतला.

मग तोच प्रश्न: कशाच्या तुलनेत? २३,००३ बायका तीन गटांत वाटल्या आणि सात आठवडे पाहिलं. एका गटात जादा फोन नाहीत. दुसऱ्यात रांगेने, पाळीपाळीने फोन. तिसऱ्यात गणिताने निवडलेल्यांना फोन. तीस सेकंदांहून जास्त ऐकलं तर 'ऐकलं' धरायचं. गणितवाल्या गटात गळती इतरांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाली. मला जास्त बोलका वाटतो तो मधला गट. रांगेने फोन करूनही ठोस फरक दिसला नाही. तेवढेच फोन, तेवढेच कष्ट, आणि जवळपास काही न केल्यासारखं. आपल्याकडच्या कितीतरी योजना प्रामाणिकपणे रांगेने चालतात.

इथे मी थोडा अडखळतो, हेही सांगून टाकतो. चहा उतू गेला म्हणून सोडून देणं ठीक आहे. पण 'फोन करूनही ही ऐकणार नाही' असं ज्या बाईबद्दल गणित म्हणतं, तिचं काय? कदाचित तिलाच सर्वांत जास्त गरज असेल. आणि ऐकण्याचे तीस सेकंद म्हणजे आरोग्य नव्हे, ही फटही आहेच.

यंदा पाणी प्यायच्या अ‍ॅपऐवजी एका गटाने गरोदर बायकांसाठी लोहाच्या गोळीची आठवण करून देणारं अ‍ॅप आणलं. कोड लिहिण्याआधी अंगणवाडीत एक दुपार बसून या, एवढंच मी सांगितलं. अंगणवाडी ताईंनी त्यांना चहा पाजला आणि चार जणींशी बोलायला बसवलं. सोमवारी गटातली एक मुलगी वही घेऊन केबिनमध्ये आली. नोटिफिकेशन त्यांनी दुपारी दोनला ठेवलं होतं, जेवणानंतर म्हणून. पण फोन सकाळी नवऱ्याबरोबर कामावर जातो आणि रात्री आठला परत येतो.

"मग आम्ही वेळ रात्री नऊ केली," ती म्हणाली. जायला निघाली आणि दारातच थांबली. "पण सर, नऊ वाजता फोन पोराच्या हातात असतो. तो गेम खेळत असतो."